धोंड्याच्या जेवणातले चार बोल्ट

नाई नाई नाई, तिथं नका बसू भाऊ! त्या बाकड्यावर बसा, टायरावर बसा, हवं त माझ्या डोक्यावर बसा, पण ती खुर्ची सोडा… अवो, राग नका मानू, ती मले आहेरात भेटलेली हाय. हसू नका! कोणाले सासरवाडीतून अंगठी भेटते, कोणाले सफारीचं कापड भेटते, मले सासऱ्यानं खुर्ची देली, अन् थेही नवी नाई, घरात वापरलेली, पाठीले रंगीत उशी शिवलेली. धामणगाव बढ्यात राजकुमारचं गॅरेज कोणतं म्हणून विचारलं ना, त पहिले लोक म्हणत, वडाच्या पलीकडचं. आता म्हणतात, खुर्चीवालं! तुमच्या गाडीचं जुनं आईल गळून खाली येईस्तोर अर्धा घंटा जाईन, तवर ऐका. मले बी मन मोकळं कराले माणूस पाह्यजेच ना कोणी.

आता तुमी म्हणसान, एवढं काय झालं? काईच नाई झालं. चार बोल्ट लावले. टेम्पोच्या इंजिनचे चार बोल्ट! आमच्या धंद्यात थे काम म्हंजे एक बिडी ओढेस्तोर होते. फकस्त एक ध्यानात ठेवा लागते, अन् थे मी माझ्या उस्तादाकडून शिकलो अन् अकरा वर्षांपासून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून राह्यलो, आधी बोटानं, मंग पान्यानं. बस! एवढंच. इंजिन ना, भाऊ, गाडीत असंच ठेवलेलं नसते, थे रबरावर बसवलेलं असते, त्याले आमी फाउंडेशन म्हणतो, अन् त्या फाउंडेशनले इंजिनशी धरून ठेवतात चार बोल्ट. आता बोल्ट असते लोखंडाचा, अन् ज्या भोकात थो जाते थे भोक अल्मिनमचं, म्हंजे आपल्या घरचं जर्मनचं भगोनं राह्यते ना, तसं नरम. बोल्ट जरासा वाकडा लागला अन् तुमी पाना मारला, की थो आतले आटे खात खातच जाते. अन् पान्याले कळत नाई भाऊ! पाना म्हणते, वा, काय मस्त टाइट होऊन राह्यलं! बोटाले कळते. बोटानं वाकडा बोल्ट फिरतच नाई. म्हणून सांगतो, आधी बोटानं, मंग पान्यानं.

पण सांगून ऐकते कोण? बरं, ऐकणारा ऐकते, पण सांगणाऱ्याच्या तोंडात धोंडा असला त?

म्हंजे असं, की यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येते, अन् आला की जवायाचं नशीब उघडते म्हणतात. जवाई म्हंजे नारायण! त्याचे पाय धुवा, गंध लावा, नवं कापड घाला, अन् पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून त्याच्या पुढ्यात ठेवा, तेहतीस! बत्तीस नाई, चौतीस नाई. आमच्या उंद्रीच्या सासरवाडीत ह्या सगळ्या कायद्याची मालकीण म्हंजे चांगुणाआत्या, माझ्या सासऱ्याची थोरली बहीण. कोणत्या महिन्यात काय चालते अन् काय नाई चालत, थे तिले इतकं पाठ, की पंचांगवाला बी तिले विचारून जाईन.

अन् सासरवाडीले जायाचं म्हणलं की माझं एक वेगळंच काम असते. आदल्या दिशी मी हात धुतो. तुमी म्हणसान, सगळेच धुतात. नाई, मी आदल्या दिशी दुपारपासून धुतो! पहिले डिझेलनं, मंग कपड्याच्या पावडरनं, मंग लिंबानं, मंग दगडानं. तरी नखातलं काळं जात नाई. कसं जाईन, माझी डिग्रीच थे हाय! पण धुवा लागते, काऊन की आमच्या लग्नात माझे सासरे, कडूबा मामा, माणूस सोन्यासारखा, पण त्यानं साऱ्या भावकीत सांगून ठेवलं, जवाई इंजिनिअर हाय. मी मांडवात उभा, मुंडावळ्या बांधलेल्या, अन् एक पाव्हणा येऊन विचारते, "कोणत्या कंपनीत हाय जी?" मी मामाकडे पाह्यलं, मामानं आभाळाकडे पाह्यलं. तवापासून उंद्रीत मी इंजिनिअर. अकरा वर्षं! थ्या गावात मी एखांद्या गाडीचं बोनेट उघडं दिसलं तरी मान वळवून पुढं जातो. तुमाले खोटं वाटीन, पण एक डाव कोणाची मोटरसायकल रस्त्यात बंद पडली होती, प्लग साफ केला की झालं असतं, अन् मी खिशात हात घालून निघून गेलो. थे मले अजून लागते.

त झालं असं, आमी दोघं नवरा-बायको, म्हंजे मी अन् अनुपमा, बुलढाण्यावरून चिखली, चिखलीवरून उंद्री, असे येस्ट्या बदलत बदलत पोचलो. फाट्यावर माझा साळा शेखर टेम्पो घेऊन उभा. थो टेम्पो म्हंजे माझ्या पोटचं पोरगं समजा. मामानं जुना घेतला होता, भाजीपाला वाहाले, अन् इंजिन मीच उघडलं, मीच बांधलं, इथं, ह्याच जागेवर. मामा तवा आले होते गाडी न्यायाले, पण गॅरेजच्या आत नाई आले, बाहेरच उभे राह्यले, रस्त्यावर. मी म्हणलं, "मामा, आत या ना, चहा घ्या." थे म्हणले, "नाई जवाईबापू, उशीर होते." असो.

बसलो टेम्पोत. चालू केला की माझ्या बुडाले कळलं. म्हणलं, "शेखर, उजव्या अंगाचं फाउंडेशन फाटलं ना बे?"

"हाव भाऊजी."

"मी नवं पाठवलं होतं ना महिनाभर आधी?"

"हाव भाऊजी. खुंटीले टांगून ठेवलं."

खुंटीले! अरे थे काय आंब्याचं तोरण हाय का? अन् गावात शिरता शिरता थ्या शाळेजवळचा गतिरोधक आला, शेखरनं ब्रेक दाबला थो गतिरोधक ओलांडल्यावर, अन् धाडकन आवाज! उरलंसुरलं रबर गेलं, इंजिन एका अंगाले कलंडलं, अन् टेम्पो असा हादराले लागला की अनुपमाच्या मांडीवरच्या पुड्यातला हार उडून माझ्या गळ्यात पडला. तसेच घरापर्यंत आलो. चांगुणाआत्या दारात, म्हणते, "बाई बाई, जवाईबापू हार घालूनच आले!"

आता अंगणात पाह्यतो त काय, गवारीचे अकरा पोते! पहाटं तोडलेली कवळी गवार, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेली, अन् ऊन असं की गोणपाट धा मिंटात वाळून कडक. चिखलीच्या व्यापाऱ्याची नागपूरची गाडी सहाले सुटणार, त्याच्या आत माल पोचला पाह्यजे, नाई त दुसऱ्या दिवशी गवार बैलाच्या पुढ्यात. गावातल्या बाकीच्या गाड्या सकाळीच भरून गेलेल्या. मामाचं तोंड उतरलं. मामी, म्हंजे माझी सासू रुक्मिणीबाई, तिनं घरात तेहतीस धोंडे वळले होते, तिचंही तोंड उतरलं. एका महिन्याची मेहनत, भाऊ. तीन माणसं पहाटं चारपासून वाकून तोडत होती.

मी म्हणलं, अरे मेकॅनिकले फोन लावा. उंद्रीत एक चांगला मेकॅनिक हाय, मी ओळखतो त्याले. शेखरनं फोन लावला. थो कुठं होता माहीत हाय का? सासरवाडीत! थो बी कोणाचा तरी जवाई! थो बी धोंडेच खाऊन राह्यला होता! चिखलीच्याले लावला, थो बी तिकडे मेहकरले पाटावर बसलेला. आता बोला! धोंड्याच्या महिन्यात गाडी बिघडली त करावं काय माणसानं? साऱ्या तालुक्याचे मेकॅनिक तुपाचे हात घेऊन बसले, अन् गाड्या रस्त्यावर!

अन् एक मेकॅनिक त अंगणातच उभा होता. मी. भाऊ, माझे हात शिवशिवत होते. मी शर्टाची बाही वर सारली, नुसती सारली, दोन बोटं… तेवढ्यात आत्या,

"हां हां हां जवाईबापू! हात नाई लावाचा!"

"आत्या, चार बोल्टाचं काम हाय."

"चार असो का एक असो. धोंड्याच्या महिन्यात जवायाच्या हातून काम करून घेतलं त तेहतीसच्या तेहतीस धोंड्याचं पुण्य जाते. अन् ज्यानं केलं थ्या जवायाले…"

अन् पुढचं बोललीच नाई. पदर तोंडाले लावला अन् डोळे मोठे केले. जवायाले काय होते थे मले आजपावतो माहीत नाई.

मले पाटावर उभं केलं, पाय धुतले, कुंकू लावलं, अन् मंग खुर्ची आणली. हीच! टिनाच्या सावलीत ठेवली, टेम्पोपासून धा हातावर, अन् आत्यानं सांगितलं, पाय धुतल्यावर जेवण होईस्तोर पाय भुईले टेकवाचे नाई. पायाखाली एक उलटी बादली देली. समोर तिपाईवर ताट. अन् तिकडे खुंटीवरचं नवं फाउंडेशन घेऊन टेम्पोखाली शेखर अन् मामा. शेखर म्हणते, "भाऊजी, तुमी बसून सांगा, मी लावतो. काय मोठी गोष्ट हाय?"

मले शेखरचे फकस्त पाय दिसत होते. पण मेकॅनिकले डोळ्याची काय गरज? मी आवाजावरून सांगतो कोणता बोल्ट कुठं चालला. अन् मी सांगाले सुरुवात केली, लय शांतपणे, "शेखर, पहिले जॅक लाव, पण इंजिनच्या चेंबरले सरळ जॅक नको टेकवू, पत्रा दबते, मधात लाकूड घाल."

"लाकूड नाई भाऊजी."

मामानं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, अन् उचलला थो पाट! ज्या पाटावर माझे पाय धुतले, कुंकू लागलेलं, थो पाट गेला टेम्पोखाली! म्हंजे बघा आता, पाटाले चालते काम, मले नाई चालत! मी आत्याकडे पाह्यलं. आत्या म्हणते, "पाटाले कोण जवाई म्हणते?" तिचंही खरं हाय.

जुनं फाउंडेशन निघालं, मंग मी म्हणलं, "शेखर, आता भोकं पुसून घे, माती असीन. अन् चारही बोल्ट आधी…" तेवढ्यात मामी आल्या. धोंडा, तुपातून काढलेला, अख्खा, माझ्या तोंडात. प्रेमानंच हो! सासू भरवते त नाई कसं म्हणावं? थो धोंडा म्हंजे लिंबाएवढा नसते, चांगला मोठा, अन् आतलं पुरण गरम. माझ्या डोळ्यातून पाणी. मामी म्हणतात, "बाई, जवाईबापूले भरून आलं!" अन् टेम्पोखालून शेखर म्हणते, "समजलं भाऊजी!" काय समजलं? मी बोललोच कुठं अजून?

मी चावून राह्यलो, घाईघाईनं, अन् कान तिकडे. पहिला बोल्ट लागला. मले ऐकू आलं, पाना. सुरुवातीलेच पाना! बोटानं नाई! कटकट, कटकट, अन् टाइट. पुरा टाइट, एकच बोल्ट! बाकी तीन भोकं अजून समोरासमोर नाई, अन् ह्यानं एकाले गच्च करून टाकलं. आता दुसरं भोक जुळत नाई म्हणून हा काय करते, बोल्टानंच इंजिन ओढाले पाह्यते. अरे बाबा, बोल्ट म्हंजे काय बैल हाय का? जॅक एक बोट वर-खाली कर, इंजिन जागेवर आण, बोल्ट आपोआप जाते. हे सगळं मी सांगणार, गिळून झालं की. गिळलं. तोंड उघडलं. मामी! दुसरा धोंडा!

असे नऊ धोंडे खाल्ले मी, तुमाले सांगतो. नऊ वेळा तोंड उघडलं "आधी बोटानं" म्हणाले, अन् नऊ वेळा बंद झालं पुरणानं. गवारीच्या पोत्यावरचं गोणपाट वाळलं, आत्यानं पाणी मारलं, परत वाळलं. अन् मंग मामा उठले, विहिरीकडे गेले, अन् येताना त्यायच्या हातात लोखंडी पाइप. हातभर लांब. पान्याच्या दांडीत घालाले! म्हणतात, "जोर कमी पडून राह्यला शेखऱ्या, पाइप लाव."

पाइप! भाऊ, पाइप लावला की पोरही हत्तीएवढा जोर लावते. वाकडा लागलेला बोल्ट, अन् त्याच्यावर पाइप. अन् मले थो आवाज आला.

कुर्र.

लहानसाच. तुमाले ऐकूही आला नसता. पण मी थे इंजिन माझ्या हातानं बांधलं होतं. आटे चालले होते. एकदा सगळे गेले की मंग बोल्ट नुसता फिरत राह्यते, धरत नाई, अन् इंजिन परत उघडा, भोक परत बनवा, आठ दिवस टेम्पो उभा. नुसती आजची गवार नाई, थ्या आठवड्याचे सगळे तोडे गेले. मी बादली लाथाडली, उभा राह्यलो, पाय भुईले टेकले, अन् असा ओरडलो, असा ओरडलो, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राह्यली.

"थांबा!"

सगळे थांबले. शेजारचे भिंतीवरून पाह्याले लागले. आत्याचा हात तोंडावर. अन् मी बोललो भाऊ, अकरा वर्षांचं बोललो. म्हणलं, "मामा, मी इंजिनिअर नाई. मी मेकॅनिक हाय. मले दुसरं काई येत नाई, पण हे येते. पाया पडतो तुमच्या, मले टेम्पोखाली जाऊ द्या."

मामानं पाइप खाली ठेवला. माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, अन् लय हळू म्हणले, "माहीत हाय जवाईबापू. मले काय माहीत नाई का? पण आज नाई. आज तुमी इंजिनिअरही नाई अन् मेकॅनिकही नाई. आज तुमी नारायण हाय. बसा."

बसलो. मामीनं पाय पुसले. बादली परत लावली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अनुपमा आली. हाताले कणीक, कपाळावर घाम. तिनं सगळ्यायकडे पाह्यलं, पोत्याकडे पाह्यलं, अन् शांतपणे आत्याले विचारलं, "आत्या, जवायाले नाई चालत. लेकीले चालते का?"

आत्या विचारात पडली. मोठा पेच! बोटावर काईतरी मोजलं, आभाळाकडे पाह्यलं, अन् म्हणली, "लेकीचं कोणी काई सांगितलं नाई बाप्पा."

झालं! अनुपमानं हात धुतले, पदर खोचला, शेखरच्या पायाले धरून त्याले बाहेर ओढला अन् गेली खाली. मले पाय दिसले, जोडवे घातलेले. मी खुर्चीवरून म्हणलं, "अनुपमा, थो बोल्ट हळू उलटा…"

"माहीत हाय."

"जोरात नको, जिथं अडकीन तिथं…"

"अवो, अकरा वर्षं झाले ऐकून राह्यली मी! जेवताना तेच, येस्टीत तेच, झोपेत बी बडबडता. चूप बसा अन् धोंडे खा."

मी चूप बसलो अन् धोंडा खाल्ला. तिनं पहिला बोल्ट ढिला केला, मंग थो अडकलेला हळूहळू काढला. बाहेर आणून मले दाखवला, दुरून, आत्याच्या डोळ्यादेखत, मले हात नाई लावू देला. बोल्टाचे आटे चपटे झालेले. "भोकाचे?" मी विचारलं. ती म्हणली, "तोंडावरचे दोन गेले. आतले चांगले हाय." मी डोळे मिटले, अन् मनातल्या मनात हात जोडले. मंग तिनं काय केलं सांगू? शेखरले आरीपत्ता आणाले सांगितलं, जुन्या फाउंडेशनच्या एका चांगल्या बोल्टाले लांबीनं चीर पाडली, अन् थो बोल्ट बोटानं भोकात फिरवून आतली माती अन् चुरा साफ करून घेतला. हे त मी तिले कधी शिकवलंच नव्हतं! मी इथं करत असतो, अन् ती डबा घेऊन येते, अन् डबा ठेवून उगीच उभी राह्यते, मले वाटे डबा रिकामा व्हायची वाट पाह्यते.

मंग तिनं दुसरा चांगला बोल्ट भोकाले लावला अन् पहिले उलटा फिरवला, उलटा, अगदी हळू, अन् एक टक् झालं. बस, थे टक् झालं की समजाचं, आट्यात आटा बसला. मंग सरळ, बोटानं. दोन वेढे, तीन वेढे. आवाजच नाई, भाऊ. बरोबर बोल्ट लागते तवा आवाजच येत नाई. बांगड्याचा तेवढा येत होता. एक, दोन, तीन, चारही बोल्ट बोटानं लावले, एकही टाइट नाई केला. मधात एकदा म्हणली, "बाबा, जॅक एक बोट खाली." मामानं केला. "अजून जरा." केला. मंग पाना घेतला, हा थोडा, त्याच्या समोरचा थोडा, परत हा, असं करत करत. मामा पाइप घेऊन परत वाकले, त ती आतून म्हणते, "बाबा, थो पाइप विहिरीवर ठेवून या."

अन् मामा गेले हो, ठेवून आले!

जॅक काढला, इंजिनचं वजन रबरावर आलं, तवा शेवटचा हात मारला तिनं, अन् बाहेर आली. तोंडावर आईलचा पट्टा, हात कोपरापर्यंत काळे. शेखरनं टेम्पो चालू केला. मामा मठ्ठ्याचा भरलेला गिलास घेऊन गेले, टेम्पोच्या सीटवर ठेवला, जिच्या खाली इंजिन असते. सगळ्यायनं वाकून पाह्यलं. एक थेंब नाई सांडला! आत्यानंही पाह्यला, अन् पाह्यता पाह्यता उचलून पिऊनही टाकला. पाच वाजता गवार निघाली अन् साडेपाचले चिखलीत पोचली. शेखरचा फोन आला, तवा मामीनं मले उरलेले धोंडे दाखवले. मी म्हणलं, द्या. आनंदानं खाल्ले. लाज काय त्याच्यात? मले माझ्या बायकोचा इतका अभिमान वाटून राह्यला होता, की मी तेहतीस काय, पासष्ट खाल्ले असते.

आता ऐका आहेराचं. संध्याकाळी मामा घरातून एक गाठोडं घेऊन आले. नव्या उपरण्यात गुंडाळलेलं, जड. सोडलं, त आत लाल डबा. गोटी पान्याचा सेट! चांगला, पुरा, सगळ्या मापाचा! माझ्यासाठी आणला होता हो मामानं, धोंड्याचा आहेर म्हणून, मी यायच्या आधीच. म्हंजे माणूस अकरा वर्षं गावाले इंजिनिअर सांगत होता, अन् मनात मेकॅनिक मानून बसला होता. मी दोन्ही हात पुढं केले.

मामानं माझ्या हाताकडे पाह्यलं. तुपानं माखलेले, गोरेपान, लिंबानं घासलेले. मंग अनुपमाच्या हाताकडे पाह्यलं. अन् डबा तिच्या हातात देला.

मी म्हणलं, "अन् मले, मामा?"

मामानं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, म्हणले, "उठा जवाईबापू." मी उठलो. अन् त्यायनं खुर्ची उचलली, उशी झटकली, अन् म्हणले, "तुमाले शोभते."

येस्टीत कंडक्टर विचारे, ही खुर्ची कोणाची? मी म्हणलं, नारायणाची.

अन् आता पाह्यता ना तुमी? थे पाय दिसून राह्यले ना तुमच्या गाडीखाली, जोडवेवाले? तीच हाय. उंद्रीपासून इथंपर्यंत बातमी पसरली. गिऱ्हाईक येते, गाडी लावते, मले पाह्यते अन् विचारते, "वहिनी हायत का?" परवा मामा आले होते. पहिल्यांदा, गॅरेजच्या आत! चहा पिले, लेकीचं काम पाह्यलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, अन् जाताना बाहेर चार लोक उभे होते त्यायले छाती फुगवून सांगत होते, "माझी पोरगी मेकॅनिक हाय!" कोणी विचारलं, अन् जवाई? त मामा म्हणले, "थे इंजिनिअर हायत. खुर्चीवर बसून सांगतात फकस्त."

घ्या! अकरा वर्षं जे खोटं होतं, थे खरं करून दाखवलं मी. सरका जरा बाजूले, बसू द्या मले माझ्या जागेवर… हां. अवं अनुपमा, ऐकलं का? आधी बोटानं…

"माहीत हाय! बसा तुमी!"

…बसलो.